वाकड्याच्या पोटात काय गेलं

आमच्या खोऱ्यात बैल आजारी पडला की लोक आधी माझ्या आत्याला शिव्या देतात आणि मग तिलाच बोलावतात. शिव्या एवढ्यासाठी, की ती आली की बैलाकडे बघतच नाही. आधी मालकाकडे बघते आणि विचारते, "काय कोंबलंस रे ह्याच्या तोंडात?" एखाद्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर, शेजारपाजाऱ्यांसमोर. माणसाला राग येणारच. पण बैल उठून उभा राहिला की तोच माणूस तिच्या पिशवीत अंडी कोंबतो.

तिचं नाव शेन दाइफांग. वय पन्नाशीच्या पुढे, हात पुरुषासारखे, आवाज त्याहून मोठा. आपण काय आहोत ते तिला पक्कं माहीत आहे आणि ते सांगायला ती लाजत नाही. "ह्या डोंगरात पोटाचं काम माझ्याइतकं कुणाला येत नाही," असं ती स्वतःच म्हणते, आणि कुणी हसलं तर, "तुझा बैल पडेल तेव्हा हस," म्हणते. तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांशी तिचं काही वाकडं नाही. वासरू अडलं, शिंग मोडलं, ताप आला, की ती स्वतःच त्यांना फोन लावते. ते पण पोट बंद पडलेला बैल दिसला की म्हणतात, बाईंना बोलवा, आम्ही सलाइन धरतो. दोघांचं जमतं. फक्त पत्त्यांत जमत नाही, कारण आत्या पत्ते चोरते.

मी शाळा सोडल्यापासून तिच्याकडेच असते. तिला मूलबाळ नाही, नवरा गेला, आणि मला घरात बसवत नाही. तिची तीनचाकी मी चालवते. काही लोक म्हणतात तिनं मला बिघडवलं. त्या लोकांची नावं मला पाठ आहेत.

ती ही विद्या शिकली कशी, ते आधी सांगायला पाहिजे. माझे आजोबा बैलांचे वैद्य होते. त्यांचं मत असं, की मुलगी म्हणजे अंगणात ओतलेलं पाणी, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तर विद्या तिच्याबरोबर का घालवा? म्हणून त्यांनी दोन्ही मुलांना शिकवायला घेतलं, म्हणजे माझ्या बाबांना आणि काकाला. बाबा लाथेला घाबरायचे. काका जडीबुटी कुटता कुटता उखळावर डोकं ठेवून झोपायचा. आत्याचं काम एकच होतं, शेपूट धरायचं. बैलाची नाडी शेपटाच्या मुळाशी, खालच्या अंगाला बघतात. शेपूट हललं की नाडी हुकते. म्हणून आजोबा नाडी बघत तेव्हा ती वरून शेपूट धरून उभी राहायची. रोज, वर्षानुवर्षं. कुणी लक्ष दिलं नाही की तिची पण बोटं तिथंच आहेत.

एकदा आजोबांनी एका बैलाला पोटाचं औषध काढलं, तर ही मागून म्हणाली, "बाबा, पोट नाही, ह्याला ताप आहे. काल शेपूट असं नव्हतं." आजोबांनी तिच्या कानाखाली वाजवली. मग पुन्हा नाडी बघितली. आणि औषध बदललं. त्या दिवसापासून काकाला झोपायची पूर्ण परवानगी मिळाली.

पोटाबद्दल आत्याचं एक सांगणं आहे. ती म्हणते, बैलाचं पोट म्हणजे चूल नाही, जातं आहे. जातं फिरत असलं की काहीही टाका, पीठ होतं. फिरायचं थांबलं, की सोनं टाकलंत तरी कुजतं. आमच्याकडे त्या आजाराला म्हणतातच, गवत फिरेना झालंय. तर बैलाच्या डाव्या भकाळीत, म्हणजे फासळ्यांमागच्या खोलगट जागी, मूठ दाबून उभं राहायचं. बैल बरा असला की आतून लाट येते, मूठ उचलून टाकते, आणि लांब डोंगरामागं ढग बोलल्यासारखी गडगड ऐकू येते. बिघडलेला असला की मूठ रुतते, आणि काढून घेतली तरी खड्डा तसाच राहतो, मळलेल्या कणकेवर राहतो तसा. मग जीभ बघायची. बऱ्या बैलाची जीभ पीचच्या फुलाच्या रंगाची असते. निळी पडली की आत्या हळू आवाजात बोलायला लागते, आणि ती हळू बोलायला लागली की समजायचं.

आता दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवसाचं सांगते. त्या दिवशी आमच्याकडे बैलराजाचा वाढदिवस असतो. कामाला जुंपायचं नाही, हात उगारायचा नाही. चिकट तांदूळ वाफवून, उखळात कांडून त्याच्या वड्या करतात. एकेक वडी दोन्ही शिंगांवर लावतात, फुलं खोवतात, आणि बैलाला तळ्यावर नेतात. पाण्यात त्याला त्याचं तोंड दाखवतात, म्हणजे वर्षभर राबल्याचा मान मिळाला हे त्याला कळावं. मग शिंगावरची वडी त्याला भरवतात. इथपर्यंत सगळं छान. पण प्रेमाला माप नसतं. लोक वड्यांवर वड्या भरवतात, आणि चिकट भात बैलाच्या पोटात जाऊन सिमेंटसारखा बसतो. आत्या दरवर्षी सणाच्या आधी गावोगाव ओरडत फिरते, "शिंगावर हवी तेवढी लावा, तोंडात अंगठ्याएवढी! बाकीच्या तुम्ही खा, तुम्हाला पोट बंद पडलं तरी कुणी रडणार नाही!"

माझे बाबा दाइलू आणि काका दाइचुंग ह्यांची वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. शेत वाटलं, भांडी वाटली, अंगणात मधोमध विटांची ओळ आली. एका डुकराच्या शेडवरून भांडण झालं आणि बोलणं पण वाटलं गेलं, म्हणजे दोघांच्या वाट्याला शून्य आलं. वाटला गेला नाही तो फक्त बैल. त्याचं एक शिंग खाली वळलेलं आहे, म्हणून त्याला वाकड्या म्हणतो. आजोबांनी मरायच्या आधी शेवटची जी गाय वाचवली, तिच्या पोटचा तो. आजोबा म्हणाले होते, बैल कापून वाटता येत नाही, तेव्हा आठवडा आठवडा सांभाळा. गोठा विटांच्या ओळीवरच आहे, त्याला दोन बाजूंनी दोन दारं. दोन भावांमध्ये राहिलेलं ते एकच दावं होतं. वाकड्या मेला असता, तर त्याचं मांस तराजूत घालून वाटलं असतं आणि मग दोन घरांना एकमेकांचं तोंड बघायचं काही कारणच उरलं नसतं. हे आत्याला माहीत होतं. तिनंच त्या दोघांना पाठीवर बांधून वाढवलेलं.

गेल्या वर्षी सणाच्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर बाबांचा फोन आला. मी आणि आत्या तिच्या गावात, तिच्या अंगणात बसलो होतो.

"अक्का, वाकड्या उभाच आहे. रवंथ नाही. दात खातोय."

"डावीकडे फुगलाय?"

"आहे थोडा."

"थोडा म्हणजे किती? तू थोडी दारू पितोस तितका थोडा?"

 आत्यानं पिशवी उचलली. सरकारी डॉक्टरांना फोन लावला, तर ते खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एका फुगलेल्या म्हशीपाशी अडकले होते. मी गाडी काढली.

रस्ताभर ती बोलत होती. "हळू चालव. नाही, जोरात चालव. हा खड्डा कुणी खणला? गाढवांनो! चुनलिंग, तू डोळे मिटून चालवतेस का गं?"

"तू उतर आणि चालत ये," मी म्हटलं.

"चालत आले असते तर आत्तापर्यंत पोचलेसुद्धा असते."

आम्ही पोचलो तेव्हा वाकड्या गोठ्याबाहेर उभा होता. शिंगात फुलं तशीच. मान पुढं ताणलेली, डोळे कुठंच बघत नव्हते, डावी बाजू उजवीपेक्षा वर आलेली. विटांच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका आणि काकू. दोघं भाऊ बैलाकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

आत्या आली आणि नेहमीप्रमाणे माणसांकडे वळली. "काय कोंबलंत?"

"गवत," बाबा म्हणाले. "आणि शिंगावरची वडी. तू सांगतेस तेवढीच, अंगठ्याएवढी."

"अंगठा तुझा की हत्तीचा?"

"अक्का, बाबांची शपथ."

"मेलेल्या माणसाला मध्ये घालू नकोस, त्यांना उत्तर देता येत नाही. दाइचुंग, तू?"

काका म्हणाला, "मला कशाला विचारतेस? हा आठवडा त्याचा. मान त्याचा, तळ्यावर न्यायचं त्यानं, फोटो त्याचे. आम्ही कोण?"

काकू लगेच म्हणाली, "आम्ही त्याच्या वाऱ्यालासुद्धा उभे नाही राहिलो."

काकू आमची बोलायला तिखट. पण त्या दिवशी ती बोलली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, बैलाची काळजी.

आत्यानं शेपूट धरलं. मी वरून पकडायला गेले तर म्हणाली, "राहू दे, हा शेपूट हलवण्याच्या परिस्थितीत नाही." मग जीभ ओढून बघितली. पीचचं फूल नव्हतं, पण निळी पण नव्हती. कोमेजलेली होती. मग डाव्या भकाळीत मूठ दाबली आणि डोळे मिटून उभी राहिली. मूठ काढली. खड्डा तसाच. तिनं वाकड्याच्या तोंडाचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "आंबलंय. हा भात आहे. आणि अंगठ्याएवढा नाही, घमेलंभर आहे."



इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. शिजलेल्या भाताचा गोळा असेल, तर आत्या कोमट खारं पाणी बादल्या बादल्या पाजते, गोळा सैल करते आणि वरून रेवंदचिनीच्या जुलाबानं खाली ढकलते. पण कच्चा भिजवलेला तांदूळ असेल तर पाणी म्हणजे विष. तो आत फुगतच जाणार, आणि बैल संध्याकाळ बघणार नाही. वास दोन्हींचा सारखाच येतो. मुठीला दोन्ही सारखेच लागतात. हे बैलाला विचारता येत नाही. चारणाऱ्यालाच विचारावं लागतं. नसांवर टोचायच्या सुया तिच्या पिशवीत होत्या, पण ती म्हणाली, सुईनं पोट हलतं, आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय हलवलं तर फाटेल.

चुलीवर पाणी तापत होतं. मीठ काढून ठेवलं होतं. आत्यानं पुन्हा विचारलं. ह्या वेळी ओरडून नाही. "दाइलू. दाइचुंग. सांगा. मी कुणाला काही म्हणणार नाही."

बाबांनी जमिनीकडे बघितलं. काकानं आभाळाकडे बघितलं. आपण चारलं असं जो म्हणेल, त्यानं आजोबांचा बैल मारला असं दुसरा जन्मभर म्हणणार, हे दोघांना कळत होतं. वाकड्यानं दात खाल्ले. तो आवाज मला अजून आठवतो, दगडावर दगड घासल्यासारखा.

आत्या उखळाच्या काठावर बसली. तिनं रबरी बुटातला चिखल काठीनं काढला, जणू काही घाई नाही. आणि म्हणाली, "बरं. मग मीच सांगते. काल संध्याकाळी मी अक्रोड द्यायला आले होते. घरी कुणी नव्हतं. वाकड्या माझ्याकडे बघायला लागला, अगदी बाबांसारखा. माझ्याजवळ वड्या होत्या. दिल्या. बऱ्याच दिल्या."

मी तोंड उघडलं. अक्रोड द्यायला मी आले होते. एकटी. आत्या काल दिवसभर एका खेचराच्या मागं पलीकडच्या डोंगरावर होती. पण माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत तिचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला. सगळं वजन टाकलेलं.

बाबा बघतच राहिले. "अक्का, तू? तू चारलंस?"

"का, मला हात नाहीत?"

"तू सगळ्या खोऱ्यात ओरडत फिरतेस..."

"फिरते. आणि घरी येऊन स्वतः तेच करते. आता हसायचं तर हसून घ्या, बैल थांबणार नाही."

बाबा हसले नाहीत. त्यांनी डोकं खाजवलं आणि एकदम भडाभडा बोलायला लागले. "मी पण, अक्का. तळ्यावरून आल्यावर. माझ्या ताटातल्या सगळ्या वड्या. जरा प्यायलो होतो. म्हटलं, आज त्याचा वाढदिवस. वड्या दारूत बुडवून दिल्या."

"बघा!" काका ओरडला. "मला माहीतच होतं! शपथ घेतो आणि..."

"गप बस," काकू म्हणाली.

 काकूचं तोंड पांढरं पडलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आत्याकडे नाही. मग ती विटांची ओळ ओलांडून आमच्या बाजूला आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अक्का, मी दिलं. मागच्या दारानं. दोन वर्षं ओळीनं सणाला पाळी पलीकडच्या घराचीच येते, आमच्या हातून त्याला कधी गोड घास जात नाही. वाफवायला भिजवलेले तांदूळ उरले होते. वड्या करायला वेळ कुठला? तसेच दिले. टोपलीभर."

"कच्चे?"

"कच्चे."

आत्या उठली. चुलीवरच्या पाण्याला तिनं अशी लाथ घातली की पातेलं अंगणात गडगडत गेलं. "पाणी बंद! त्याच्या आसपास थेंब आणला तर बोटं तोडीन! दाइलू, जुना विरलेला चुना आण, त्याची निवळी हवी, थोडीच. चुनलिंग, पिशवीतलं मोडाचं सातू काढ, करपेपर्यंत भाज, कूट. तू," ती काकूला म्हणाली, "रडू नकोस, राईचं तेल आण. रडून पोट हलत नाही."

आणि माझ्या पायावरून बूट निघाला.

आमच्याकडे औषधाचा हिशोब सोपा आहे. मुळ्याचं बी गव्हावर चालतं, लाल आंबट रानफळ चरबीवर, आणि मोडाचं सातू, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भातावर. कुणी कुणाला खातं ते बघायचं, एवढंच. मी सातू भाजलं, काकूनं कुटलं. आत्यानं तेल, चुन्याची निवळी आणि सातूची पूड एकत्र करून बांबूच्या नळकांड्यातून वाकड्याच्या गालात ओतली, बेतानं, घोट घोट. एक काठी मिठात आणि लोणच्याच्या पाण्यात बुडवून त्याच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे तो चघळत राहील, जीभ चालली की पोटाला आठवतं. पुढचे पाय उंच बांधावर चढवले, म्हणजे पोटातला वारा वर यावा.

"आता कावड आणा," ती म्हणाली. पाणी वाहायची कावड, रुंद बांबूची. ती तिनं बैलाच्या पोटाखालून आडवी घातली. "दाइलू, ह्या टोकाला. दाइचुंग, त्या टोकाला. दोघांनी एकदम उचलायचं, एकदम सोडायचं. पोटाला झोका द्यायचाय. एकानं आधी उचललं तर पीळ पडेल."

दोघं उभे राहिले, बैलाच्या दोन बाजूंना. बाबांनी आधी उचललं. काकानं नंतर. कावड तिरपी झाली, वाकड्या कण्हला.

"मेल्यांनो, एकदम म्हटलं मी!"

"त्याला सांग," बाबा म्हणाले.

"त्यालाच सांग," काका म्हणाला.

"मी कुणाला सांगणार नाही. मी बैलाची वैद्य आहे, तुमची नाही. तोंडं आहेत ना? भात कोंबताना दुसऱ्याचं चालवलंत, आता स्वतःचं चालवा."

बाबा थोडा वेळ घुटमळले. मग घसा खाकरून म्हणाले, "दाइचुंग. हो म्हटलं की उचल."

"तू म्हण, मग बघू."

"हो!"

उचललं. सोडलं. "हो!" उचललं. सोडलं. आधी बाबा एकटेच ओरडत होते. मग काका पण ओरडायला लागला. मग बाबांचा दम गेला आणि काका एकटाच ओरडत राहिला, आणि बाबा उचलत राहिले. आत्या मध्ये उभी राहून मुठीनं डावी भकाळी मळत होती, वरून खाली, वरून खाली. तिच्या कपाळावरून घाम तिच्या तोंडात जात होता आणि ती बैलाशी बोलत होती. "थकलास? मी नाही थकले. तुझ्या आईला बाबांनी दोन दिवस असं मळलं होतं. तू काय मोठा लागून गेलास?"

बराच वेळ काही झालं नाही. काकू माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जाईल का गं?" मी म्हटलं, "आत्या ओरडतेय ना? मग नाही जाणार." आणि मी खोटं धीराचं बोलत नव्हते. आत्याचा आवाज शेजारच्या गावात जात होता.

मग वाकड्यानं मान पुढं काढली आणि ढेकर दिला. असा ढेकर की बाबांनी कावड टाकली. आंबट, कुजका, उखळातल्या शिळ्या भाताचा वास सगळ्या अंगणात पसरला. काकानं नाक दाबलं. आत्या त्याच्या तोंडासमोर गेली. तिनं खोल श्वास घेतला, जणू कुणी फुलं दिली, आणि म्हणाली, "हां. जातं हललं. थांबू नका!"

उन्हं उतरेपर्यंत त्यांनी झोके दिले. मध्ये मध्ये ढेकर येत होते. मग आत्यानं कमरेवर ठरलेल्या ठिकाणी सुया टोचल्या, रेवंदचिनी पाजली, आणि वाकड्याला चढावर हळूहळू चालवलं. दावं बाबांच्या हातात, मागून काका. सूर्य बुडता बुडता त्यानं शेण टाकलं. त्यात तांदळाचे अख्खे दाणे होते, फुगलेले, पांढरे. काकूनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. पण आत्यानं अजून हात धुतले नव्हते. रवंथ दिसल्याशिवाय ती हात धूत नाही. वाकड्या बसला. आम्ही सगळे त्याच्यासमोर बसलो, विटांच्या ओळीवरच, कारण दुसरीकडे कोरडी जागा नव्हती. काकूनं तेलात परतलेल्या पानांचा चहा आणि उरलेल्या वड्या आणल्या, पण खायला कुणी हात लावेना. मग त्याच्या गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला, आणि जबडा आडवा फिरायला लागला.

आत्या उठली आणि हात धुवायला गेली. येऊन तिनं आधी एक वडी उचलली. "आता खा. सांगितलं होतं ना, बाकीच्या तुम्ही खायच्या."

पुढच्या दिवसापासून खोऱ्यात एकच विषय. डॉक्टरीणबाईनंच बापाचा बैल मारायला काढला होता! बाजारात लोक मुद्दाम विचारायचे, "काय दाइफांगताई, आज कुणाला वड्या भरवल्या?" आत्या म्हणायची, "तुझ्या बापाला भरवणार होते, पण त्याला दात नाहीत." लोक हसायचे. मी नाही हसायचे. एका कोंबडीवाल्याशी तर माझी मारामारी होता होता राहिली. मी आत्याला म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगणार.

"कुणाला सांगणार? आणि सांगून काय होईल?"

"तुझं नाव जातंय."

"नाव माझं आहे, तुला काय करायचंय? बघ, आधी मी दारात गेले की लोक खोटं बोलायचे. का? कारण मी शहाणी आणि ते मूर्ख. आता काल तो म्हातारा धान्यवाला काय म्हणाला? 'ताई, तुमच्यासारखंच माझ्याकडून पण झालं, मी त्याला मका घातला.' विचारायच्या आधी सांगितलं! माझं अर्धं काम झालं. तू तोंड उघडलंस तर मी तुला पुन्हा शाळेत घालीन."

म्हणून मी गप्प राहिले. वर्षभर. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं, मला ओळखणारे सांगतील.

यंदा पुन्हा दहाव्या महिन्याचा पहिला दिवस आला. पाळी काकाची होती, पण तळ्यावर दोन्ही घरं आली, वाकड्याच्या एका शिंगावर आमची वडी, दुसऱ्यावर त्यांची. सगळं खोरं जमलेलं. वाकड्यानं पाण्यात तोंड बघितलं आणि नेहमीसारखं त्याला काही विशेष वाटलं नाही. तेवढ्यात तो कोंबडीवाला मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना लांब ठेवा रे, नाहीतर ह्या वर्षी पण टोपलीभर जाईल!"

सगळे हसले. आत्या पण. काकू नाही हसली. तिनं हातातली वडी काकाकडे दिली आणि कोंबडीवाल्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ती आली नव्हती," ती म्हणाली. "अक्रोड घेऊन ही चुनलिंग आली होती, एकटी, आणि ती पिशवी मी माझ्या हातानं घेतली होती. टोपली माझी होती. तांदूळ माझे होते. अक्का खोटं बोलली तेव्हा ते मला तिथंच कळलं, आणि ती कुणासाठी बोलली ते पण कळलं. आता हस."

  काका तिच्याकडे बघत होता. बाबा माझ्याकडे. मला इतका आनंद झाला की मी कोंबडीवाल्याला जीभ दाखवली, वय विसरून.

आणि आत्या? मला वाटलं तिचे डोळे भरतील. ती फणकारली. "बाई, तुला काय अवदसा आठवली? वर्षभर मी ह्या लोकांना खरं बोलायची सवय लावली! आता मी पुन्हा शहाणी झाले. आता पुन्हा सगळे म्हणतील, गवत खाल्लं, गवत खाल्लं!"

"म्हणू दे," काकू म्हणाली. "मी आहे ना. मला घेऊन जा बरोबर. मी दारातच सांगीन, मी टोपलीभर चारलं होतं, आता तुम्ही सांगा."

आत्यानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं, वरपासून खालपर्यंत, बैल विकत घेताना बघतात तसं. "शेपूट धरता येतं?"

"शिकेन."

गर्दीतून मागून कुणीतरी खाकरलं. तो कोंबडीवाला होता. मान खाली. "ताई... जरा आमच्याकडे याल का? आमचा बैल सकाळपासून दात खातोय."

"काय कोंबलंस रे?" आत्या ओरडली.

त्यानं काकूकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बुटांकडे. "वड्या," तो म्हणाला. "तळलेल्या. डुकराच्या चरबीत. आणि वर थोडी दारू."

"शिजलेल्या ना?"

"शिजलेल्या."

"मग रानफळं आणि सातू," आत्या म्हणाली, आणि पिशवी काकूच्या हातात दिली. "चल गं, मागं बस. चुनलिंग, गाडी काढ. आणि तू, कोंबडीवाल्या, चालत ये. खड्डे तूच खणलेस ना?"